फोमच्या ब्लँकपासून सर्फबोर्ड कसा तासावा

सर्फबोर्ड घरी तयार करण्याच्या कामाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात ‘ब्लँक’ म्हणून मिळणारा फोमचा ओबडधोबड ठोकळा तासून त्याला हवा तो आकार द्यायचा असतो. दुसऱ्या भागात त्या आकारावर फायबरग्लासचे कापड आणि रेझिन (कडक होणारा चिकट द्रव) चढवून त्याला पाण्यात टिकणारे कवच द्यायचे असते. दुसरा भाग सूचना नीट पाळणाऱ्या कोणालाही जमण्यासारखा आहे. पहिल्या भागात मात्र हात आणि नजर दोन्हींची कसोटी लागते, आणि त्यात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते, ते म्हणजे कडा गोल करण्याची घाई. ब्लँकच्या बाजू जोवर काटकोनात उभ्या आहेत आणि तळ व डेक (उभे राहण्याची वरची बाजू) जोवर सपाट आहेत, तोवर डाव्या-उजव्या बाजूंतला फरक पट्टीने मोजता येतो. एकदा गोलाई आली की पट्टी टेकवायला कडच उरत नाही, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जाड राहिली आहे हे पुष्कळदा कवच चढल्यानंतरच ध्यानात येते. म्हणून पुढे सांगितलेली सगळी पद्धत एकाच क्रमावर उभी आहे : आधी सरळ पृष्ठे, मग पैलू, आणि गोलाई सर्वांत शेवटी.

मापे आधी कागदावर

पहिला बोर्ड म्हणून लहान, पातळ आणि टोकदार बोर्ड तासायला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा बोर्डाची टोके इतकी पातळ असतात की दोन-तीन मिलिमीटर फोम जास्त निघाला तरी त्याचे वागणे बदलते. त्यापेक्षा ७ फूट लांब, २१.५ इंच रुंद आणि मध्यभागी २.७५ इंच जाड असा गोलसर नाकाचा बोर्ड निवडावा. त्याचे आकारमान साधारण ४५ लिटरच्या आसपास भरते, तो लाट सहज पकडतो आणि तासणाऱ्याच्या लहानसहान चुका पोटात घालतो.

बोर्डाच्या पुढच्या टोकाला नोज आणि मागच्या टोकाला टेल म्हणतात. रुंदी तीन ठिकाणी ठरवावी लागते : नोजपासून १२ इंचांवर, सर्वांत रुंद जागी आणि टेलपासून १२ इंचांवर. वर सांगितलेल्या बोर्डासाठी नोजकडे १६.५ इंच आणि टेलकडे १५ इंच ही मापे धरावीत, आणि सर्वांत रुंद जागा बोर्डाच्या मध्याच्या इंचभर पुढे ठेवावी. बोर्डाचा तळ टोकांकडे वर उचललेला असतो. या वक्राला रॉकर म्हणतात. नोजचा रॉकर ४ इंच आणि टेलचा २ इंच पुरेसा आहे. नोज कमी उचललेले असेल तर उभ्या लाटेवरून उतरताना ते पाण्यात घुसते. जास्त उचललेले असेल तर बोर्ड पाणी पुढे ढकलत राहतो आणि वेग धरत नाही. आपल्याला आवडलेला एखादा बोर्ड हाताशी असल्यास त्याची रुंदी, जाडी आणि रॉकर दर फुटावर मोजून घ्यावीत. पाण्यात पारखलेली मापे कागदावर नव्याने रचलेल्या मापांपेक्षा केव्हाही भरवशाची असतात.

ब्लँक, रेझिन आणि कामाची जागा

ब्लँक मुख्यतः दोन प्रकारच्या फोमचे असतात. पहिला पॉलियुरेथेनचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात हा फोम बोर्डांसाठी वापरण्याजोगा केला, आणि तोवर प्रचलित असलेले बाल्सा लाकूड मागे पडले. पुढे क्लार्क यांची क्लार्क फोम ही कंपनी अमेरिकेतल्या बहुतांश ब्लँकचा पुरवठा करू लागली. ५ डिसेंबर २००५ रोजी ती अचानक बंद झाली, तेव्हा अनेक कारागिरांना दुसऱ्या फोमकडे वळावे लागले. हा दुसरा प्रकार म्हणजे ईपीएस, अर्थात दाणेदार पॉलिस्टायरिन. ईपीएस वजनाला हलके असते, पण तासताना त्याचे दाणे उपटून निघतात आणि पृष्ठभागावर लहान लहान खळगे पडतात, जे कवच चढवण्याआधी हलक्या भरावाने बुजवावे लागतात. पॉलियुरेथेन एकजीव आणि बारीक पोताचे असल्याने ते रंध्याखाली स्वच्छ निघते. नवशिक्याने पॉलियुरेथेनच घ्यावे. बांधकामात उष्णतारोधनासाठी वापरतात त्या गुळगुळीत, दाबून बनवलेल्या पॉलिस्टायरिनच्या पाट्यांचा मोह टाळावा, कारण त्यांतून सुटणारा वायू कवचाखाली साचून फोड येण्याची शक्यता असते.

फोम आणि रेझिन यांची जोडी चुकली तर सगळे काम वाया जाते. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असते आणि ते पॉलिस्टायरिनला अक्षरशः विरघळवते. म्हणून ईपीएसवर फक्त इपॉक्सी रेझिनच चालते. पॉलियुरेथेनवर दोन्ही चालतात. घरच्या कामाला मी इपॉक्सीला प्राधान्य देईन, कारण त्याला वास कमी असतो आणि हात चालवायला वेळ जास्त मिळतो. मात्र वास कमी म्हणजे धोका नाही, असे समजू नये. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागले की शरीराला त्याची कायमची ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक वेळी वापरावेत.

ब्लँकच्या मधोमध लांबीभर लाकडाची पातळ पट्टी चिकटवलेली असते. तिला स्ट्रिंगर म्हणतात. ती बोर्डाला ताठपणा देते, आणि तासणाऱ्याला मध्यरेषाही आयती मिळते. ब्लँक निवडताना तो आपल्या मापांपेक्षा थोडाच मोठा असेल आणि त्याचा रॉकर आपल्या हव्या त्या रॉकरच्या जवळ असेल, हे पाहावे. साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेन ब्लँकचा फोम बाहेरच्या थरांत सर्वांत घट्ट आणि आत जावे तसा मऊ असतो. फार मोठा ब्लँक घेऊन पुष्कळ तासला, तर नेमका घट्ट थर भुग्यात जातो आणि उभे राहण्याच्या जागी डेकवर टाचांचे खड्डे लवकर पडतात. त्यामुळे जाडी कमी करायची ती शक्यतो तळाकडून करावी आणि डेकवरून गरजेपुरतेच काढावे.

कामाच्या जागेबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड. डोक्यावरचा दिवा पृष्ठभागावरचे उंचवटे पुसून टाकतो, म्हणून तो बंद ठेवावा. त्याऐवजी बोर्डाच्या दोन्ही बाजूंना, डेकच्या किंचित वरच्या उंचीवर, लांब ट्यूबलाइट आडव्या लावाव्यात. बाजूने आलेला उजेड पृष्ठभागाला घासत जातो आणि मिलिमीटरभर उंचवट्याचीही सावली पाडतो. भिंतींना गडद निळा किंवा हिरवा रंग असला, तर पांढऱ्या फोमची कड त्यावर ठळक दिसते. बोर्ड ठेवण्यासाठी कमरेएवढ्या उंचीच्या दोन जड घोड्या लागतात. त्यांच्या माथ्यावर मऊ गादी असावी आणि बोर्ड कडेवर उभा धरता येईल अशी खाचही असावी. फोमचा भुगा अतिशय बारीक असतो आणि फुप्फुसात जातो, म्हणून तासताना चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मास्क, चष्मा आणि कानांचे संरक्षण वापरावे. धुळीचा मास्क रेझिनची वाफ अडवत नाही. तिच्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारे वेगळे कार्ट्रिज लागते.

हत्यारे फार लागत नाहीत. विजेचा रंधा, बारीक दातांची करवत, सरफॉर्म नावाची जाळीदार कानस, स्ट्रिंगरसाठी धारदार छोटा रंधा, लांब आणि आखूड लाकडी ठोकळ्यांवर चिकटवलेले सँडपेपर, सँडिंग स्क्रीन, गुण्या, लांब सरळ पट्टी आणि जाडी मोजण्यासाठी मोठा कॅलिपर एवढे पुरते.

साचा आणि बाह्यरेषा

बोर्डाच्या पूर्ण आकाराचा साचा करू नये, अर्ध्याचाच करावा. ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडवर सरळ कड ही मध्यरेषा मानून ठरवलेल्या रुंदींचे निम्मे बिंदू मांडावेत, त्या बिंदूंवरून लवचीक लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वाकवून बसवावी आणि रेघ ओढावी. पट्टी एखाद्या बिंदूवर जबरदस्तीने दाबावी लागत असेल, तर बहुधा तो बिंदूच चुकलेला असतो. साचा कापल्यावर तो डोळ्याजवळ आडवा धरून कडेच्या लांबीवरून नजर टाकावी. समोरून न दिसणारा खोलगटपणा किंवा फुगवटा या कोनातून लगेच उठून दिसतो, आणि तो ठोकळ्यावरच्या सँडपेपरने तिथेच काढून टाकावा. साच्यातला दोष बोर्डावर दोनदा उतरतो.

बाह्यरेषा आखण्याआधी ब्लँक तळ वर करून ठेवावा आणि रंध्याने त्याची खरखरीत साल काढावी. मग साच्याची सरळ कड स्ट्रिंगरच्या मध्यावर ठेवून एका बाजूची रेघ ओढावी, साचा पालथा करून दुसऱ्या बाजूची ओढावी. डाव्या-उजव्या बाजू सारख्या येण्याची हमी या एका कृतीतून मिळते. तरीही दर फुटावर स्ट्रिंगरपासून दोन्ही रेषांचे अंतर मोजून पाहावे.

करवत रेषेच्या ४-५ मिलिमीटर बाहेरून चालवावी आणि पाते सरळ उभे राहील याकडे लक्ष द्यावे. पाते आत कलले तर खालच्या अंगाला फोम कमी पडतो, आणि तो भरून काढता येत नाही. उरलेला फोम बोर्ड कडेवर उभा करून, आधी सरफॉर्मने आणि मग लांब ठोकळ्याने, रेषेपर्यंत आणावा. ठोकळा जितका लांब तितका वक्र निर्दोष, कारण लांब ठोकळा उंचवट्यांवरच टेकतो आणि खळग्यांवरून पार जातो. दर थोड्या वेळाने गुण्या लावून कड तळाशी काटकोनात आहे ना, ते पाहावे. या टप्प्यावर बोर्ड म्हणजे वरून पाहिले तर सुबक आकार आणि बाजूने पाहिले तर उभ्या भिंती असलेली जाड पाटी असते. तो असाच दिसायला हवा.

तळ, रॉकर आणि जाडी

रंधा चालवण्याची पद्धत लाकडावरच्या रंधकामापेक्षा थोडी वेगळी आहे. एकाच जागी उभे राहून हात पुढेमागे करू नयेत. रंधा धरून बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेगाने चालत जावे. कापण्याची खोली एक ते दीड मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये. मधेच थांबले की त्या जागी पायरी पडते. पहिला पट्टा स्ट्रिंगरवरून, पुढचा त्याला थोडा झाकत त्याच्या शेजारून, अशा रीतीने कडेपर्यंत जावे, आणि एका बाजूला जितके पट्टे मारले तितकेच दुसऱ्या बाजूला मारावेत. पट्ट्यांची संख्या फोमवरच पेन्सिलने लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते, कारण लक्ष थोडे विचलित झाले की आकडा विसरतो आणि तिथूनच बाजू असमान होऊ लागतात.

रॉकर मोजण्यासाठी तळ वर असताना लांब सरळ पट्टी स्ट्रिंगरवर ठेवावी, ती बोर्डाच्या मध्याशी टेकलेली आणि समांतर असावी, आणि टोकांशी पट्टी व फोम यांच्यामधले अंतर मोजावे. रॉकर वाढवायचा असेल तर टोकांकडून अधिक काढावे लागते, कमी करायचा असेल तर मधून. आकड्यांइतकाच वक्राचा ओघही महत्त्वाचा आहे. टोकाशी बरोबर ४ इंच अंतर आले, पण त्यातले बहुतेक शेवटच्या फुटात एकदम आले, तर बोर्ड तिथे मोडल्यासारखा दिसतो आणि पाणीही तिथेच अडते.

पहिल्या बोर्डाचा तळ सपाट ठेवावा. आडवी पट्टी लावून उजेडाकडे पाहिले, तर तिच्याखालून कुठेही प्रकाशाची फट दिसू नये. टेलच्या शेवटच्या दीड फुटात स्ट्रिंगर उंच आणि कडा त्याच्यापेक्षा २-३ मिलिमीटर खाली, असा हलका व्ही आकार दिला तर बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सहज कलतो. खोलगट तळ वेग देतात हे खरे, पण दोन्ही अंगांना सारखी खोली राखणे हे अनुभवी हातांचे काम आहे.

तळ पुरा झाल्यावरच बोर्ड उलटावा आणि उरलेली जाडी डेककडून गरजेपुरतीच उतरवावी. जाडी मध्यभागी २.७५ इंच, नोजपासून १२ इंचांवर सुमारे १.६ इंच आणि टेलपासून १२ इंचांवर १.७५ इंच असावी, आणि या तीन मापांमध्ये ती सलग उतरत गेली पाहिजे. कॅलिपर दर फुटावर लावून आकडे स्ट्रिंगरवर लिहावेत. आकड्यांची ती ओळ वाचली की जाडी कुठे अडखळते ते कळते. डेकही अजून आडवा सपाटच ठेवावा.

तासताना स्ट्रिंगरचे लाकूड फोमपेक्षा कठीण असल्याने मागे राहते आणि त्याची उंच धार तयार होते. सँडपेपरने ती काढू पाहिले, तर दोन्ही बाजूंचा फोम झिजून नाली पडते. ती छोट्या धारदार रंध्याने, अगदी पातळ साल काढत, फोमच्या पातळीला आणावी. लाकडाचे तंतू सरळ असतात आणि पृष्ठभाग वक्र असतो, म्हणून तळावर मध्याकडून टोकांकडे आणि डेकच्या नोजवर टोकाकडून मध्याकडे रंधा मारावा. तंतू उचकटताना दिसले की दिशा तत्काळ बदलावी.

रेल : पैलूंपासून गोलाईपर्यंत

बोर्डाच्या बाजूच्या कडेला रेल म्हणतात, आणि सगळ्या कामात मन लावून करण्यासारखा भाग हाच आहे. बोर्ड वळताना पाण्यात रुतते ती रेल. ती फार जाड असली तर बोर्ड बुचासारखा वर उसळतो आणि वळणात टिकत नाही; फार पातळ असली तर कड पाण्यात अडकते.

आता उभ्या बाजूवर, तळापासून दीड इंच उंचीवर, लांबीभर एक रेघ ओढावी. दुसरी रेघ डेकवर, कडेपासून २ इंच आत. दोन्ही रेघा टोकांकडे जाताना जाडीच्या प्रमाणात कडेजवळ येत गेल्या पाहिजेत. या दोन रेघांमधला कोपरा रंध्याने किंवा सरफॉर्मने तिरका उतरवावा, म्हणजे पहिला पैलू तयार होतो. तो टोकापासून टोकापर्यंत सलग, सपाट आणि दोन्ही बाजूंना सारखा दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. पैलूची वरची आणि खालची सीमा म्हणजे दोन स्वच्छ रेषा असतात, आणि बाजूच्या उजेडात त्या रेषा हेलकावल्या तर चूक कुठे आहे ते नेमके दिसते. गोल पृष्ठावर अशी रेषा मिळत नाही. आधी पैलू पाडायचे ते यासाठीच.

दुसरा पैलू पहिल्याच्या वरच्या कोपऱ्यावर पाडावा : डेकवर आणखी २ इंच आत रेघ घ्यावी आणि तिथून पहिल्या पैलूच्या मध्यापर्यंत उतार द्यावा. यातूनच डेकला हलका घुमट येतो. तिसरा, अरुंद पैलू पहिल्याच्या खालच्या कोपऱ्यावर. शेवटी बोर्ड उलटून तळाच्या कडेचा पाव ते अर्धा इंच कोपरा कापावा. टेलकडच्या शेवटच्या दोन-अडीच फुटांत मात्र हा कोपरा कापू नये. गोल पृष्ठाला पाणी चिकटून वर वळते आणि बोर्डाला मागे खेचते, तर तीक्ष्ण कडेशी ते सुटून जाते. म्हणून पुढे रेल मऊ आणि मागे धारदार ठेवतात, आणि मऊ कड धारदार होत जाते तो बदल फूटभर लांबीत हळूहळू घडवावा लागतो.

पैलू पुरे झाले की सँडिंग स्क्रीनची जाळी दोन्ही हातांत टोकांना धरून रेलवर ओढून बसवावी आणि लांब, सैल हाताने लांबीच्या दिशेने फिरवावी. जाळी पैलूंचे कोपरे घेत जाते आणि ते एकमेकांत मिसळतात. एकाच जागी घासणे टाळावे. या टप्प्यावर डोळ्यांपेक्षा तळहात अधिक खरे सांगतो : डोळे मिटून दोन्ही तळहात दोन्ही रेलवर एकाच वेळी नोजपासून टेलपर्यंत सरकवले, तर डोळ्यांना न दिसलेला जाडसरपणा हाताला लागतो. एक खात्रीची पडताळणीही आहे. जाड पुठ्ठ्यातून तीन ठिकाणच्या रेलचे साचे कापावेत, एका बाजूला ते फट न राहता बसेपर्यंत पुठ्ठा कोरावा आणि मग तेच साचे उलटून दुसऱ्या बाजूला लावावेत. पृष्ठभागावर पेन्सिलची फिकट, तिरकी गिरगिट करून हलका हात फिरवणे हाही चांगला उपाय आहे. जिथे गिरगिट पुसली जात नाही तिथे खळगा आहे, आणि तो नाहीसा करायचा तर भोवतालचा भाग खाली आणावा लागतो.

शेवटचा हात १५० आणि मग २२० नंबरच्या कागदाने, अगदी हलक्या दाबाने फिरवावा. त्यानंतर फिन (तळाखाली टेलजवळ बसणारी, दिशा धरून ठेवणारी पाती) आणि लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) यांच्या जागा पेन्सिलने आखाव्यात, स्ट्रिंगरजवळ मापे लिहावीत, भुगा ब्रशने पूर्ण झटकावा आणि घामट हातांनी फोमला स्पर्श करू नये. तेलकट जागी रेझिन नीट धरत नाही.

कवच

आधी तळ, मग डेक हा क्रम ठेवावा. तळावर चौरस यार्डाला ६ औंस वजनाच्या कापडाचा एक थर आणि डेकवर ६ व ४ औंसांचे दोन थर द्यावेत, कारण पाय आणि गुडघ्यांचा भार डेकवरच येतो. कापड कडेच्या खाली सुमारे २ इंच वळेल इतके लांब सोडून कापावे, आणि नोज व टेलशी त्याला छोट्या चिरा द्याव्यात म्हणजे ते चुण्या न पडता वळते.

कापड कापून झाल्यावर त्याचे वजन करावे आणि त्याच्या दीडपट रेझिन तयार करावे. इपॉक्सीत हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने दिलेलेच ठेवावे; लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवला, तर रेझिन लवकर सुकत नाही, ते कायमचे मऊ राहते. वजनाचे प्रमाण आणि मापाचे प्रमाण वेगवेगळे असते, हेही डब्यावर नीट वाचावे. मिसळलेले रेझिन भांड्यात साठून राहिले की स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते आणि धूर सोडत कडक होते, त्यामुळे ते मिसळताच बोर्डाच्या मधोमध ओतून पसरावे.

रबरी पट्टीने रेझिन मध्याकडून कडांकडे न्यावे. कापड पारदर्शक झाले पाहिजे, पण त्याची वीण वर दिसत राहिली पाहिजे. चकाकणारे रेझिन म्हणजे फक्त वाढीव वजन, ते पट्टीने ओढून काढावे. तसेच फार जोर देऊन वीण कोरडी पाडू नये. कोरडी जागा पांढुरकी दिसते आणि पुढे तिथूनच पाणी शिरते. कडा खाली वळवताना हवेचे बुडबुडे अडकतात, ते बोटाने दाबून बाहेर काढावेत. तापमान चढत असताना हे काम करू नये, कारण फोममधली हवा प्रसरण पावून ओल्या कापडाखाली बुडबुडे काढते. तापमान स्थिर किंवा उतरते असताना करावे. तळ पुरता कडक झाल्यावर वळवलेल्या कापडाची काठ सँडपेपरने बसवून मगच डेक घ्यावा.

पॉलिस्टर रेझिन वापरणाऱ्याने हार्डनरबाबत विशेष जपावे. त्यात एमईकेपी हे रसायन साधारण १ ते २ टक्के, हवेच्या तापमानानुसार, घालतात. त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि रेझिनमधल्या कोबाल्ट त्वरकाशी ते थेट मिसळले तर भडका उडू शकतो. पॉलियुरेथेनच्या फोमवर तापलेल्या तारेने कापण्याचा प्रयोग कधीही करू नये. ते जळताना विषारी वायू सोडते.

वीण बुजवण्यासाठी दोन्ही बाजूंना रेझिनचा आणखी एक थर लागतो. पहिला थर पूर्ण सुकला असेल तर तो आधी पाण्याने पुसून आणि हलका घासून घ्यावा. या थराच्या वेळी टेलच्या कडेला चिकटपट्टीचा बांध घातला, तर रेझिन तिथे साचून धारदार कड उभी राहते. नंतर ८०, १२० आणि २२० नंबरच्या कागदाने घासावे. घासताना कापडाची वीण दिसू लागली की त्या जागी हात थांबवावा, कारण कवचाचे बळ कापडात असते.

फिन

आज बहुतेक बोर्डांवर तीन फिन दिसतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसन यांनी अशाच बोर्डावर बेल्स बीचची सर्फिंग स्पर्धा जिंकली, आणि त्यानंतर ही मांडणी झपाट्याने रूढ झाली. पण तीन फिन बसवताना बाजूच्या दोन फिनांचे कडेपासूनचे अंतर, नोजकडे वळलेपण आणि बाहेरचा कल ही तिन्ही दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळावी लागतात. पहिल्या बोर्डावर मध्यरेषेवर एकच लांब खाच असलेला फिन बॉक्स, म्हणजे फिन अडकवण्याची पेटी, बसवावा.

बॉक्स तळ आणि डेक दोन्हींवर कापड चढल्यानंतर, वीण बुजवण्याच्या थराआधी बसवावा. त्याचे मागचे टोक टेलपासून सुमारे ५ इंचांवर ठेवावे. बॉक्सची खोली जवळजवळ इंचभर असते, म्हणून खाच पाडण्याआधी त्या जागची जाडी कॅलिपरने पुन्हा पाहावी. बॉक्सखाली किमान अर्धा इंच फोम उरला पाहिजे. राउटर (खाच पाडण्याचे विजेचे हत्यार) मार्गदर्शक चौकटीत धरून खाच पाडावी, बॉक्सच्या फटीवर चिकटपट्टी लावावी म्हणजे तिच्यात रेझिन जाणार नाही, आणि काचतंतूंचा चुरा मिसळून दाट केलेल्या रेझिनमध्ये तो बसवावा. बॉक्स तळाशी काटकोनात आहे हे फिन लावून, गुण्या धरून, रेझिन ओले असतानाच तपासावे. लीशचा प्लग डेकवर टेलजवळ, स्ट्रिंगरच्या बाजूला येतो.

रेझिन हाताला कडक लागले तरी आतून पुरते पिकायला डब्यावर दिलेली मुदत जाऊ द्यावी. इपॉक्सीला सहसा काही दिवस लागतात. पाण्यात नेताना फिन प्रथम बॉक्सच्या मध्यावर बसवावा. बोर्ड सरळ जाताना डगमगत असेल तर तो अर्धा इंच मागे घ्यावा, वळायला जड वाटत असेल तर अर्धा इंच पुढे, आणि एका वेळी एवढाच बदल करून पुन्हा पाण्यात पाहावे.